पंचेचाळीस अंशांतला संगणक



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा संध्याकाळच्या गार वाऱ्याचा भरवसा त्यांना असणार. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात व्याख्यान ठेवायचं म्हणजे रात्री आठलाही या सभागृहाच्या भिंती तव्यासारख्या. मागे दोन कूलर घरघरताहेत आणि त्यांच्या वर आवाज काढून मला बोलायचंय. आजच्या विषयाला मात्र ही घरघर साजेशी आहे.

संगणक घ्यायचा म्हटला की लोक मला विचारतात, प्रोसेसर कोणता घेऊ? मी उलट विचारतो, ठेवणार कुठे? पत्र्याखाली? पश्चिमेच्या भिंतीला टेकून? लोकांना वाटतं, गडी विषय टाळतोय. पण आपल्या भागात संगणकाचा पहिला सुटा भाग म्हणजे खोली. बजेटची सुरुवात तिथून करायची, आणि हे दुकानातल्या दरपत्रकावर कुठेच छापलेलं नसतं.

त्याचं कारण साधं आहे. प्रोसेसरच्या चिपवर धातूच्या पात्यांचा हीटसिंक असतो, त्यावर पंखा. ही जोडी चिपची उष्णता खोलीतल्या हवेला देते. खोलीच्या हवेपेक्षा थंड ती चिपला करूच शकत नाही. खोली एक अंशाने तापली की चिपही साधारण एक अंशाने तापते. पंचवीस अंशांच्या खोलीत जी चिप सत्तरवर काम करते, ती आपल्याकडे दुपारी तीनला नव्वदला टेकते. पंच्याण्णव ते शंभर अंशांच्या आसपास बहुतेक प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे महागडा प्रोसेसर घेऊन ज्या वेगाचे पैसे मोजले, तो वेग एप्रिल-मेमध्ये मिळतच नाही. जूनमध्ये पाऊस पडला की तोच संगणक पुन्हा पळायला लागतो आणि मालक म्हणतो, व्हायरस गेला वाटतं!

हे कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राकडे बघावं. तिथे कोळशातली जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या वर ऊर्जा वीज होऊन बाहेर पडते. उरलेली चिमणीतून आणि त्या अजस्र कूलिंग टॉवरमधून आकाशात जाते. त्यासाठी इरई धरणाचं पाणी लागतं. २०१०च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा संच बंद ठेवावे लागले होते, इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. एवढा अवाढव्य कारखाना, पण उष्णता बाहेर टाकता आली नाही की तोही थांबतो. तुमच्या टेबलावरचं यंत्र तर त्याहून बेशिस्त. ते जेवढी वीज घेतं, तेवढी सगळीच्या सगळी शेवटी उष्णता करून खोलीत सोडतं. तीनशे वॅट खाणारा गेमिंग संगणक म्हणजे मे महिन्यात खोलीत पेटवून ठेवलेली छोटी शेगडी.

आता एक गैरसमज. तरुण मुलं म्हणतात, सर, लिक्विड कूलर लावतो, पाण्याने थंड राहील. आपल्या घरातला माठ थंड का होतो? पाणी झिरपतं, वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. ऊर्जानगरचा टॉवर हा माठाचाच थोरला भाऊ. संगणकातल्या लिक्विड कूलरमधलं पाणी मात्र बंद नळीत फिरतं, थेंबभरही वाळत नाही. ते उष्णता चिपपासून उचलून जाळीपर्यंत नेतं आणि जाळी ती खोलीच्याच हवेला देते. खोली पंचेचाळीसची असेल तर ते पाणी पंचेचाळीसच्या खाली उतरणार नाही. एवढ्या पैशांत खिडकीला चांगला कूलर येतो.

आणि कूलर हाच आपला खरा उपाय आहे. कोरड्या उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर पाणी वाळवून हवा सैद्धांतिकदृष्ट्या चोवीसच्या आसपास उतरू शकते. घरगुती कूलर तितका आदर्श नसतो, तरी खोली तीस-बत्तीसवर येते. चिपचे तेरा ते पंधरा अंश तिथेच वाचले. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर म्हणजे नुसता दमटपणा. आणि संगणक झोताच्या थेट समोर ठेवू नका. झोतातून बारीक तुषार येतात. आपल्याकडे दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर, कुठेही राहा, कोळशाची काळी धूळ घरात असतेच. तुषार आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत जो लेप बसतो, तो मी खराट्याच्या काडीने खरवडून काढलेला आहे. बाजूने हवा येईल असं ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच. कॅबिनेट घेताना पुढे काच असलेलं घेऊ नका, जाळीचं घ्या. आत मच्छरदाणीचा तुकडा लावला की फिल्टर झाला. तो महिन्याला धुवायचा. होळीच्या आसपास एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, पण पंखा बोटाने धरून. नाहीतर तो बेफाम गरगरून बेअरिंग जातं. चार-पाच वर्षं झाली असतील तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदला. दोन-तीनशे रुपयांचं काम. यापेक्षा स्वस्त अपग्रेड मला माहीत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. विद्यार्थ्याला, सेवा केंद्राला, टायपिंग क्लासला मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप पुष्कळ होतात. नागपूरला सीताबर्डीवर जा आणि ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, एलिटडेस्क ही नावं विचारा. त्यांतले पस्तीस वॅटच्या प्रोसेसरचे छोटे संगणक आपल्या हवेला फार मानवतात. मुळात उष्णताच कमी काढतात. एक खबरदारी मात्र घ्या. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहावी-सातवी पिढी स्वस्तात मिळाली तर त्यावर लिनक्स टाकायची तयारी ठेवा. घरच्या जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी लावा, मग रॅमचा विचार. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की घाईने घेण्यात अर्थ नाही.

गडचिरोलीकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००९ साली मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि पुढे कितीतरी ग्रामसभा आपला तेंदू, आपला बांबू स्वतः विकू लागल्या. तेंदूचा हंगाम भर उन्हाळ्यात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि पानं गोळा करायच्या फळीवरून रोज येणारे आकडे. म्हणजे यंत्र सर्वांत तापलेलं असतं नेमक्या त्याच पंधरा दिवसांत हिशेबही अंगावर असतो. एका गावात मला बोलावलं होतं. संगणक सारखा बंद पडतो, मदरबोर्ड गेला असं कुणीतरी सांगितलेलं. मदरबोर्ड ठणठणीत होता. यूपीएस खिडकीत, दुपारभर उन्हात. त्यातली शिशाची बॅटरी दर दहा अंशांमागे साधारण निम्मं आयुष्य गमावते. पंचवीस अंशांना चार वर्षं चालणारी पंचेचाळीसला वर्षभरात संपते. विजेचा दाब जरा पडला की संगणक गपकन बंद. बॅटरी बदलली आणि यूपीएस आतल्या कोपऱ्यात जमिनीवर आणला. मग प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तपासली. तिला तारच नव्हती. हिशेब ठेवणारा मुंशी म्हणाला, "सर, दोन पिनांवर चालते तर तिसरी कायले?" पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की तिसरी कायले ते कळतं. आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडला नागपूरहून पार्ट येत नाही. म्हणून तिकडे घेताना सर्वांत नवं मॉडेल नको. ज्याचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि पंखा आलापल्लीत नाहीतर अहेरीत मिळेल असं घ्या, आणि एक पंखा जादा घेऊन डब्यात ठेवा.

शेवटी, खरेदी कधी करायची. दिवाळीत सूट असते, मान्य. पण जुना संगणक घेणार असाल तर मे महिन्यात घ्या आणि दुपारी तीनला दुकानात जा. एसी बंद करून अर्धा तास सलग व्हिडिओ चालू ठेवायला सांगा, तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाकून आकडा बघत बसा, आणि पंख्याचा आवाज ऐका. दुकानदार म्हणाला की एसी बंद असताना चालवून दाखवत नाही, तर चहा घ्या, आभार माना आणि पुढच्या दुकानात जा.