वाद्याचा घरचा रियाज

हौसेनें आणलेली तबल्याची जोडी वर्ष-दोन वर्षांत कपाटावर जाऊन बसते, आणि 'मुलाच्या हातांत कलाच नाहीं' असा निकाल घरांत लागतो. हा निकाल बहुधा अन्यायाचा असतो. खरी उणीव रियाजाच्या रीतींत असते.

पूर्वीं शिष्य गुरुगृहीं राही. त्याचा रियाज गुरूच्या कानांवर पडे व चूक जागच्या जागीं सुधारली जाई. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. अशा विद्यालयांमुळें सामान्य कुटुंबांना संगीताचें दार खुलें झालें; परंतु गुरूचा सहवास आठवड्यांतील कांहीं तासांवर आला. घरीं गुरूच्या कानाचें काम आतां विद्यार्थ्याच्याच कानाला करावें लागतें.

दिल्ली बाजाच्या कायद्यांत येणारे 'तेटे' हे बोल घ्यावे. 'ते' मधल्या बोटाचा, 'टे' तर्जनीचा. नवशिक्याची तर्जनी दुबळी पडते व दोन अक्षरांतील अंतर असमान होतें. द्रुत लयींत हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. आणि तेंच शंभर वेळां वाजविलें, म्हणजे चूकच हाताला पाठ होते. म्हणून लय इतकी उतरवावी कीं, प्रत्येक अक्षर स्वतंत्र ऐकूं यावें. मिनिटाला ६० मात्रांची लय धरून एका मात्रेंत दोनच अक्षरें वाजवावीं. तीनतालाचीं, म्हणजे १६ मात्रांचीं, दहा आवर्तनें ओळीनें निर्दोष झालीं, तरच लय थोडी वाढवावी. यास तीन मिनिटेंही लागत नाहींत. पुढें चुकलें तर पुन्हां पहिल्या लयीवर यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. रोज अर्धा तास म्हणजे आठवड्याचे साडेतीन तास. तेवढेच तास रविवारीं एका बैठकींत घातले, तर फळ तेवढें मिळत नाहीं. कारण शिकलेली हालचाल मधल्या विश्रांतींत व झोपेंत पक्की होते. त्या अर्ध्या तासांत पांच मिनिटें सुटे बोल, पंधरा मिनिटें नडणारा एकच तुकडा, व उरलेलीं दहा मिनिटें ठेक्यासह सबंध कायदा, अशी वांटणी असावी. मनगट दुखूं लागतांच थांबावें. दुखरा हात आंखडतो आणि बोल बिघडवितो. शेवटीं दोन मिनिटांचें वादन मोबाइलवर मुद्रित करून ऐकावें. वाजवितांना निसटलेली चूक त्यांत उघडी पडते. ती वहींत टिपावी, आणि दुसऱ्या दिवशींचा रियाज तेथूनच सुरू करावा.

घरच्या मंडळींनीं पाहुण्यांपुढें वाजविण्याचा आग्रह आवरावा. त्या आग्रहापायीं मूल द्रुत लयीकडे धांवतें आणि हात कच्चाच राहतो. एकच तुकडा सावकाश, पुनःपुन्हां ऐकून शेजारच्या खोलींतल्या माणसांना कंटाळा येतो, हें खरें. तो त्यांनीं सोसावा. मुलाचा हात त्याच वेळीं घडत असतो.