ग्रंथांचा शोध आणि विषयाची खूण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मंडळाने आपल्या वाटचालीचा आढावा घ्यावा, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, कोजागिरी यांच्या आठवणी जागवाव्यात, हे रीतीला धरूनच आहे. मी मात्र आज आपले लक्ष वरवर रुक्ष वाटणाऱ्या एका विषयाकडे वेधणार आहे. तो विषय म्हणजे ग्रंथालयाची तालिका. त्यातही, संगणकावरील तालिकेत एखाद्या विषयाचा शोध कसा घेतला जातो आणि तो पुष्कळदा का फसतो, हे मला सांगावयाचे आहे. हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा नाही. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा तो विशेष जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

ग्रंथालयात येणारा वाचक साधारणतः तीन प्रकारांनी पुस्तक मागतो. लेखकाचे नाव सांगून, पुस्तकाचे नाव सांगून, किंवा ‘अमुक विषयावर काही आहे का?’ असे विचारून. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली आपल्या नियमावलीत तालिकेची हीच तीन कामे सांगितली. पहिली दोन सोपी आहेत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे उत्तर छापलेले असते. तिसरे काम मात्र अवघड, कारण पुस्तकाचा विषय मुखपृष्ठावर असतोच असे नाही. कोणीतरी ते पुस्तक उघडून, चाळून, समजून घेऊन ‘हे अमक्या विषयाचे’ असे ठरवावे लागते आणि तशी खूण करून ठेवावी लागते. या खुणेला ग्रंथालयशास्त्रात विषयशीर्षक म्हणतात.

या शास्त्राचा आपल्या देशातील उगम पाहू लागलो, तर महाराष्ट्राबाहेरील एका मराठी राजाचे नाव प्रथम घ्यावे लागते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाला पाचारण केले आणि संस्थानात गावोगावी ग्रंथालयांचे जाळे विणले. तेथे ग्रंथपालांचे शिक्षण सुरू झाले, आणि १९१२ पासून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान मिळाले. पुढे १९१५ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने ग्रंथपालनाचा वर्ग उघडला. फाळणीनंतर त्याच परंपरेतील भारतीय पंजाब विद्यापीठ आपल्या या चंडीगढला स्थिरावले. दक्षिणेत गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. पुस्तकाचा विषय म्हणजे एक शब्द नसून एक साखळी असते, हा त्यांच्या विचाराचा एक महत्त्वाचा भाग. भारत, त्याचा इतिहास, त्यातील मराठ्यांचा काळ, त्यातील एक लढाई अशी ती साखळी एकेका कडीने उतरत जाते. तिची प्रत्येक कडी सूचीत नोंदवावी, म्हणजे वाचक कोणत्याही कडीला हात घालो, तो योग्य ठिकाणी पोहोचतो.

लाकडी खणांतील पत्रकांच्या काळी हे सारे काम हातांनी होत असे. ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशी मार्गदर्शक पत्रके मध्येमध्ये घातलेली असत. नंतर संगणक आला. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अव्हरम यांच्या देखरेखीखाली ग्रंथनोंदी यंत्राला वाचता येतील असा नमुना तयार झाला, आणि १९८०च्या सुमारास तिकडच्या वाचकांसमोर पत्रकांच्या खणांऐवजी पडदे आले. तेव्हा वाचक काय शोधतात याची पाहणी झाली, तेव्हा विषयाने शोधणारे वाचक अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आहेत असे आढळले. आपल्याकडेही आज विद्यापीठांच्या तालिका घरबसल्या पाहता येतात. शब्द टंकित करावा, कळ दाबावी, यादी समोर. यामुळे असा समज पसरला की, आता विषयाच्या खुणांची गरजच उरली नाही; यंत्र सारे शोधून देईल.

हा समज कितपत खरा आहे ते एका उदाहरणाने पाहू. चंडीगढहून दिल्लीला जाताना आपण सगळेच ज्या गावावरून जातो, त्या पानिपताचे उदाहरण घेतो. समजा, मंडळातील एखाद्या विद्यार्थिनीला १४ जानेवारी १७६१च्या लढाईवर निबंध लिहावयाचा आहे. ती तालिकेत ‘पानिपत’ हा शब्द घालते. त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ तिला मिळेल. विश्वास पाटील यांची १९८८ सालची ‘पानिपत’ ही कादंबरीही मिळेल. मात्र पहिला ग्रंथ इतिहासाच्या फडताळात आणि दुसरा मराठी कादंबऱ्यांच्या फडताळात. त्यांच्या जोडीला १५२६ची बाबराची लढाई, १५५६ची हेमूची लढाई आणि पानिपतच्या हातमाग-व्यवसायावरचे अहवालही येतील. शिवाय मराठीत ‘पानिपत होणे’ म्हणजे दाणादाण उडणे, म्हणून एखाद्या निवडणुकीवरचा लेखही त्या यादीत येऊन बसेल. मागितलेले थोडे आणि न मागितलेले फार, अशी तिची अवस्था होईल.

परंतु जे मिळाले त्यापेक्षा जे मिळाले नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यातील पत्रे १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपताच्या अभ्यासाचा पायाच. पण ग्रंथाच्या नावात ‘पानिपत’ हा शब्द नाही. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही तर त्या मोहिमेचीच कहाणी. तिच्याही नावात तो शब्द नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताची हकीगत मुळात फार्सीत आहे आणि तिचे इंग्रजी भाषांतर आहे. त्या फार्सी नोंदीशी देवनागरीतील शब्द कसा जुळावा? शब्दाने शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी हे तिन्ही ग्रंथ पानिपताशी संबंध नसलेले आहेत. उलट, ज्या तालिकेत या सर्वांवर ‘पानिपतची तिसरी लढाई, १७६१’ अशी एकच खूण केलेली आहे, तेथे मराठी, फार्सी, इंग्रजी, बखर, पत्रे आणि कादंबरी एका रांगेत उभी राहतात, आणि बाबर व हेमू आपापल्या जागी राहतात. शब्द सापडणे आणि विषय सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, तो यात कळतो.

आता संपूर्ण ग्रंथच यंत्रात घातले, तर ही अडचण दूर होईल, असे कोणी म्हणेल. काही अंशी होईलही. पण मराठीपुरत्या काही अडचणी मग अधिकच ठळक होतात. आपली भाषा शब्दाला प्रत्यय लावताना त्याचे रूपच बदलते. ‘वाडा’ शोधणाऱ्याला ‘वाड्यात’ सापडत नाही, ‘घोडा’ शोधणाऱ्याला ‘घोड्याची’ सापडत नाही, जोवर ही सामान्यरूपे यंत्राला कोणी शिकविलेली नाहीत. दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ साली नवे नियम आले आणि व्युत्पत्तीने येणारे कित्येक अनुस्वार लेखनातून गेले. राजवाड्यांचे ‘साधनें’ आज आपण ‘साधने’ असे लिहितो. वाचकाच्या डोळ्याला हा फरक क्षुल्लक वाटतो. यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. जुनी पाने यंत्राने वाचताना अक्षरांची जी उलटापालट होते, ती आणखी वेगळीच.

दुसरे उदाहरण नावांचे आहे, आणि तेही पंजाबशी निगडित आहे. संत नामदेवांचे मराठी अभंग आपल्या ओठांवर आहेत. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांचे वास्तव्य झाले असे परंपरा सांगते, आणि त्याच घुमानला एप्रिल २०१५मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. महाराष्ट्रात ते ‘संत नामदेव’, पंजाबात ‘भगत नामदेव’. एक नाव देवनागरीत, एक गुरुमुखीत, आणि रोमन लिपीत तर दोन प्रकारांनी: आपण सहज लिहितो तसे, आणि विद्वानांच्या लिप्यंतरात ‘म’ व ‘व’ यांचे अंत्य ‘अ’कार दाखवून व दीर्घ स्वरांवर रेघा देऊन. या सर्व रूपांना एका नोंदीत बांधले नाही, तर पंजाबी वाचकाला मराठी नामदेव दिसणार नाही आणि मराठी वाचकाला पंजाबी नामदेव दिसणार नाही. एकाच महापुरुषाची दोन अर्धी चरित्रे दोन कपाटांत पडून राहतील.

याच्या उलटही काम असते. जे एक वाटते ते वेगळे करणे हेही ग्रंथपालाचेच कर्तव्य. विष्णुदास नामा हा नंतरच्या काळातील कवी; त्याची रचना जुन्या हस्तलिखितांत आणि गाथांत संत नामदेवांच्या रचनेत मिसळून गेली, आणि ती निवडण्यासाठी संशोधकांना फार श्रम पडले. आधुनिक काळात नामदेव ढसाळ आहेत. यंत्राला ‘नामदेव’ एवढेच सांगितले तर ते तिघांनाही एका पंक्तीला बसविते. जोडणे आणि निवडणे ही दोन्ही कामे जाणकार माणसाचीच आहेत. यंत्र ती साठवून ठेवते, क्षणात समोर आणते, हजारो ठिकाणी पोहोचविते. पण मुळात काय साठवायचे, हे कोणीतरी सांगावे लागते.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. विषयाच्या या खुणा कोणत्या भाषेत आणि कोणाच्या दृष्टीने केल्या जातात? १९५८पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीत सर्व भारतीय भाषांतील ग्रंथ एका क्रमात बसावेत म्हणून रोमन लिपी स्वीकारली गेली. त्यामागचे कारण समजण्यासारखे होते; तरी आपलेच पुस्तक परक्या वेषात ओळखण्याची पाळी मराठी वाचकावर आली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची विषयशीर्षके जगभर वापरली जातात. आपली अनेक विद्यापीठेही ती घेतात. ती इंग्रजी आहेत आणि तिकडच्या वाचकाला समोर ठेवून घडलेली आहेत. त्या यादीत दीर्घ काळ ‘अस्पृश्य’ या अर्थाचे इंग्रजी शीर्षक होते. पुढे त्याच्या जागी ‘दलित’ हा शब्द आला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. ज्या समाजाने स्वतःसाठी निवडलेल्या नावाने साहित्य निर्माण केले, त्याचे साहित्य दुसऱ्यांनी दिलेल्या नावाखाली शोधावे लागणे, ही केवळ तांत्रिक गैरसोय नव्हे. विषयशीर्षक ही लहानशी चिठ्ठी असते, पण आपल्याला जग कोणत्या नावाने हाक मारणार हे ती ठरविते.

मराठी माणसाला हे काम नवे नाही. डॉ. केतकरांना ज्ञानकोशाची योजना करताना स्वतंत्र सूचिखंडाची आवश्यकता वाटली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी मुद्रित ग्रंथांची विषयवार सूची सिद्ध केली. संगणक नसताना, ग्रंथालयामागून ग्रंथालय धुंडाळून, एकेक पुस्तक प्रत्यक्ष पाहून केलेले ते काम आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. अशा कार्याचा गौरव करणे सोपे आहे. ते पुढे चालविणे अवघड आहे. पण आपल्या आवाक्यातला त्याचा एक लहानसा भाग आपण उचलू शकतो.

मंडळांच्या कपाटांतील पुस्तके कशी जमतात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कोणाची बदली होते, कोणी निवृत्त होऊन पुण्याला किंवा नागपूरला जातो, कोणाचे वडील निवर्ततात, आणि पेटीभर पुस्तके मंडळाकडे येतात. बाजारात न मिळणारी जुनी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका त्यांत असतात. त्यांची नोंद बहुधा एका वहीत, आलेल्या क्रमाने, नाव व लेखक एवढीच होते. ज्यांनी ती वही लिहिली त्यांना कपाट तोंडपाठ असते. त्यांच्यानंतर ते कपाट मुके होते. आपली येथे वाढलेली मुले मराठी बोलतात, परंतु पुष्कळांना देवनागरीतले जुने नाव अचूक टंकित करता येत नाही. ती रोमन अक्षरांत शोधणार. त्यांना काही सापडले नाही, तर ‘मराठीत यावर काही नाही’ असाच निष्कर्ष ती काढणार. पुस्तक वाळवीने जाण्यापूर्वी असे विस्मृतीने जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मंडळाच्या प्रत्येक पुस्तकाची नोंद संगणकावर करावी आणि तीत पाच गोष्टी असाव्यात. पुस्तकाचे नाव छापले आहे तसे. तेच नाव आजच्या लेखनाप्रमाणे आणि रोमन लिपीत. लेखकाचे नाव एकाच ठरलेल्या रूपात, इतर रूपांवरून ‘पाहा’ अशा निर्देशासह. विषयाच्या दोनतीन खुणा मराठीत. आणि त्याच खुणा इंग्रजीत. कोहासारखी विनामूल्य मिळणारी ग्रंथालय-प्रणाली यासाठी उपलब्ध आहे. ती न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयाच्या गरजेतून निर्माण झाली, हे आपल्यासारख्या लहान संस्थेने ध्यानात ठेवावे. यंत्राचे काम तरुणांनी करावे. विषय ठरविण्याचे काम मात्र ज्येष्ठांनी करावे, कारण एखाद्या आठवणींच्या पुस्तकात पंजाबातील मराठी कुटुंबांची हकीगत आहे, हे त्याच्या नावावरून कळणार नाही. ज्याने ते वाचले त्यालाच ते माहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ, एका मेजावर एक ज्येष्ठ आणि एक तरुण, अशी जोडी बसली तर कपाट बघताबघता बोलू लागेल. शिवाय त्या निमित्ताने तरुणाच्या कानावर ते पुस्तकही पडेल, हा लाभ निराळाच.

पन्नास वर्षे मंडळाने मराठी माणसाला या शहरात मराठी माणूस शोधून दिला. पुढील काळात मराठी पुस्तकाला त्याचा वाचक शोधून देण्याचे काम मंडळाने अंगीकारावे, अशी विनंती करतो.