रान कोणाचे, राखण कोणाची?



‘शाश्वत विकास’ हा शब्द हल्ली सभासभांतून ऐकू येतो. आपल्या वऱ्हाडातील खेड्याने त्याचा अर्थ काय घ्यावा? माझे उत्तर वकिलाचे आहे. जे रान उद्या आपल्या हाती राहील की नाही याची शाश्वती नाही, ते रान माणूस आज तोडतो. हक्क पदरात पडला म्हणजे राखण करण्याची बुद्धी होते.

दाखला दूरचा नको. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे गाव आहे. वस्ती बहुतांशी कोरकूंची. भोवतालचे रान उजाड झाले होते आणि माणसे पोटासाठी गाव सोडून जात होती. २०१२ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी कुऱ्हाड व मोकाट चराई बंद केली, झाडे लावली, पाणी अडविले. तेथील सीताफळ मुंबईच्या बाजारात पोहोचले. २०१४ साली जैवविविधता रक्षणाचा राष्ट्रीय पुरस्कार या गावाकडे चालत आला. माणसे तीच व माती तीच. बदलला तो केवळ हक्क.

हा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला आहे. तो केवळ आदिवासी बांधवांसाठी आहे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा होय. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ यांनाही कायद्याने स्थान दिले आहे. धर्म कोणता, हे कायदा विचारीत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथील वास्तव्य आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणे, एवढेच तो विचारतो. अकोट, तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळी या तालुक्यांत रानालगत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

“आमच्याजवळ कागद नाही,” असे म्हणून घरी बसू नका. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, जुनी दफनभूमी हेही या कायद्यात पुरावे आहेत. आपल्या आजोबांच्या आठवणी आजच लिहून काढा. माणूस गेला की त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. तेथे निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणून भगिनींनो, तुमची हजेरी हा उपचार नव्हे, ती कायद्याची अट आहे. आपण सभेच्या कडेला उभे राहिलो, तर रानाचा निर्णय चार बड्या घरांच्या ओसरीवर होईल.

मात्र हक्काबरोबर जबाबदारीही येते. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे : रान आपले आहे, तसेच ते नातवंडांचेही आहे. शाश्वत या शब्दाचा याहून सोपा अर्थ मला ठाऊक नाही.

जय भीम.