सतरा अक्षरांची गाडी



सेकंडहँड गाडी घ्यायला गेलेला माणूस काय काय बघतो? टायरची नक्षी किती उरलीय ते बघतो. दारं आपटून आवाज ऐकतो. ओळखीचा मिस्त्री बरोबर असेल तर तो डिपस्टिक काढतो, ऑइल दोन बोटांत चोळतो, वास घेतो आणि वैद्यबुवांसारखा गंभीर होतो. आरसी मात्र पुढून एकदा, मागून एकदा फिरवायची. ‘पेपर क्लिअर आहेत ना?’ ‘एकदम क्लिअर.’ झालं, टोकन दिलं.

मीही तेच केलं. वॅगनआर होती, 2012 ची. आधी दोन मालक झालेले, मी तिसरा. विकणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. कागद प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारीखवार लावलेले, पीयूसीसुद्धा जुन्यापासून नव्यापर्यंत सगळ्या. अशा माणसापुढे आरसी तपासत बसायचं म्हणजे आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

गाडी नावावर करायची तर फॉर्म दोन लागतात, 29 आणि 30. पहिला म्हणजे ‘गाडी विकली’ अशी विकणाऱ्यानं द्यायची खबर. दुसरा, मालकी बदलून द्या म्हणून करायचा अर्ज. त्याला चेसिस नंबरचा छापही जोडायला सांगितला. छाप घ्यायला एजंटचा पोरगा आला, विशीतला. त्यानं बॉनेट उघडलं, मागच्या पत्र्यावर कोरलेला नंबर ओल्या फडक्यानं पुसला, त्यावर कागदाची पट्टी धरली आणि शिसपेन्सिल आडवी घासायला लागला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण राजमुद्रा उमटवायचो, तसं एकेक अक्षर काळ्यातून पांढरं वर येत गेलं. पोरानं पट्टी आरसीशेजारी धरली, ओठ हलवत वाचली आणि म्हणाला, ‘काका, इथं एस आहे. आरसीवर पाच आहे.’

मी चष्मा पुसून बघितलं. पत्र्यावर एस. आरसीवर पाच. विम्याच्या पॉलिसीवरही पाचच, कारण पॉलिसी लिहिणाऱ्यानं आरसी बघून लिहिलं होतं.

हा नंबर सतरा अक्षरांचा असतो. पहिली तीन कारखान्याची. मारुतीची गाडी एम-ए-तीननं सुरू होते, ह्युंदाईची एम-ए-एलनं, टाटांची एम-ए-टीनं. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांना माणसाचे डोळे माहीत होते. म्हणून आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यांनी मुळातच गाळली, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. तेव्हा तुमच्या आरसीवर सतरा अक्षरांत कुठे गोल ‘ओ’ दिसला, तर गाडीपाशी न जाताच समजा की लिहिणारा चुकलाय. कारखान्यातून तसा नंबर निघतच नाही. पण एस आणि पाच, बी आणि आठ, झेड आणि दोन यांच्यापासून आपल्याला कोणी वाचवलेलं नाही. ते आपलं आपण बघायचं.

तुम्ही म्हणाल, बारा-तेरा वर्षं हे कोणाला दिसलं कसं नाही? मलाही तेच वाटलं. आता ऑनलाइन जिथं तिथं चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारतात. परवा त्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसाठी आपण सगळ्यांनी धावपळ केली, तिथंही शेवटचे पाचच. माझी चूक नवव्या अक्षराला! शेपूट जुळत होतं, त्यामुळे पोटाकडे कोणी बघितलंच नाही. आधीच्या विक्रीच्या वेळी कागद फिरले असतील, तेव्हाही ते बहुधा कोणी अक्षर लावून वाचले नसावेत.

एजंट अनुभवी होता. म्हणाला, ‘काका, आधी नावावर करून घेऊ. छाप जरा पुसट काढतो. करेक्शन काय, नंतर कधीही होतं.’

इथं मी थांबलो, आणि तुम्हीही इथंच थांबा. ‘नंतर’ म्हणजे चूक माझ्या नावावर आल्यानंतर. मग ती मला एकट्याला निस्तरावी लागणार. दुरुस्तीला मूळ कागद लागतात आणि ते आधीच्या मालकांकडे असतात. विकणाऱ्याचा व्यवहार एकदा पुरा झाला की त्याचा फोन पहिले आठ दिवस लागतो, मग ‘बाहेरगावी आहे’, मग नुसती रिंग. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांच्या लेखी गाडी गेलेली असते, एवढंच. म्हणून चूक विकणाऱ्याच्या नावावर असतानाच दुरुस्त करून घ्यायची आणि मग गाडी आपल्या नावावर करायची. शेवटचे थोडे पैसे हातात राखून ठेवलेत तर आणखी बरं. मी राखले नव्हते.

पण माझ्या हातात दुसरं एक होतं. मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमाप्रमाणे, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा. बहुतेक विकणारे किल्ली दिली की सुटलो असं समजतात. ते सुटत नाहीत. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली, अपघात झाला, आणि नोंदणी मात्र तेव्हाही पहिल्याच माणसाच्या नावावर. न्यायालयानं सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. मी हे माझ्या बँकवाल्या गृहस्थांना फोनवर सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘उद्या किती वाजता यायचं?’

आता काम काय होतं? पत्र्यावरचा नंबर खरा आणि कागदावरचा चुकीचा, हे सिद्ध करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण चेसिस नंबर जुळत नाही म्हटलं की समोरचा माणूस आधी दुसरी शंका घेणार: गाडी चोरीची तर नाही? पत्रा बदललेला तर नाही? ती त्यानं घ्यायलाच हवी, त्यात रागवायचं काही नाही. या शंकेला उत्तर फॉर्म 21 चं. गाडी नवी घेताना शोरूमवाला जो विक्री दाखला देतो तो हा. त्यावर एस असेल तर चूक नोंदणी करताना झाली. त्यावरच पाच असेल तर शोरूमकडे परत जा, कारखान्याचं पत्र आणा. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकीणबाई दुसऱ्या शहरात, मुलाकडे राहायला गेलेल्या. त्यांनी सगळी कपाटं उचकली आणि फॉर्मची झेरॉक्स व्हॉट्सॅपवर पाठवली. तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, आणि त्या गोलात, स्पष्ट, एस.

मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, गाडी घेऊन निरीक्षकांपुढे हजर होणं. ते वाकले, स्वतः टॉर्च मारला, स्वतः वाचलं, सही केली. तीन मिनिटांचं काम. त्या तीन मिनिटांआधी पाच फेऱ्या झाल्या होत्या, त्या सांगत बसत नाही. तुम्हीही कधी ना कधी मारल्याच असतील.

मधल्या काळात एक गंमत झाली. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी येईना. मालकाच्या नोंदलेल्या मोबाइलवर तो जातो, पण गृहस्थांचा फोन गप्पच. शेवटी उलगडा झाला. त्यांनी गाडी घेतली तेव्हाच्या एजंटनं फॉर्मवर सरळ स्वतःचा नंबर टाकला होता. इतकी वर्षं त्या गाडीचे सगळे निरोप, चलनंसुद्धा, एका तिऱ्हाइताच्या खिशात वाजत होते! हे एजंट सर्रास करतात. तुमच्या गाडीला कोणाचा मोबाइल जोडलाय ते आज संध्याकाळी बघून घ्या.

दुरुस्त झालेली आरसी आली तीही थेट नाही. पोस्टानं जाते ती नोंदणीतल्या पत्त्यावर, आणि गृहस्थ तो फ्लॅट सोडून कधीच दुसरीकडे राहायला गेलेले. कार्ड परत गेलं. पुन्हा एक फेरी.

नावांच्या चुका वेगळ्याच, आणि आपल्या मराठी नावांचं तर विचारू नका. ज्ञानेश्वर इंग्रजीत एकदा डी-एन-वाय होतो, एकदा जी-वाय होतो. आधारवर आडनाव पुढे, आरसीवर मागे. माणूस तोच हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं, मशीनला कळत नाही. जुन्या गाड्या हातानं रजिस्टरमध्ये लिहिलेल्या. पुढे ती अक्षरं बघून कोणीतरी ती संगणकात चढवली. त्या माणसालाही दोष कसा द्यायचा? आपल्यातल्या किती जणांचं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं?

आणखी एक. आरसीवर बँकेचं नाव दिसलं, म्हणजे एचपी (कर्जापोटी गाडी तारण असल्याची नोंद) असली, तर ‘कर्ज केव्हाच फिटलंय’ या शब्दावर जाऊ नका. कर्ज फिटलं तरी आरसीवरची नोंद आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो, आणि त्या फॉर्मवर ज्याची गाडी आहे त्याची सही लागते. म्हणजे पुन्हा विकणारा. आणि विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाबरोबर जातो. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात.

माझी गाडी नावावर झाली तेव्हा टोकन देऊन अडीच महिने झाले होते. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ म्हणतात, त्या हिशेबानं लवकरच म्हणायचं. फॉर्म 29 ची दुसरी प्रत शेरा मारून विकणाऱ्याला परत द्यायची असते. ती कोणी मागत नाही. मी मागून घेतली आणि गृहस्थांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती त्याच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, तारीख बघून, योग्य जागी लावली. चहा झाला. ‘सुटलो बुवा,’ ते म्हणाले.

परत निघालो. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून दहा मिनिटं झाली नसतील, त्यांचा फोन. ‘अहो, त्या काचेवरचा फास्टॅग माझाच आहे की. आत्ता माझ्या खात्यातून पैसे गेले.’