निवडुंगाचे बी आणि माणसाचा धीर



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात निवडुंगासारखा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धाडसच आहे. आपल्याकडे निवडुंग म्हटला की गावाबाहेरचे कुंपण डोळ्यांसमोर येते. ज्याला कोणी पाणी घालीत नाही आणि जो तरीही मरत नाही, तो निवडुंग! मग तो घरात बी पेरून वाढवावा, हे सांगायला व्याख्यान कशाला हवे?

प्रथम एक घोटाळा दूर करतो. आपला त्रिधारी निवडुंग हा शेराच्या कुळातला; तोडला की त्यातून पांढरा चीक येतो. शास्त्रज्ञ ज्याला कॅक्टस म्हणतात ते कूळ निराळे. आपला फड्या निवडुंग त्या कुळातला खरा, परंतु तोही परदेशी पाहुणाच. कारण या कुळाचा जवळजवळ सारा गोतावळा मूळचा अमेरिका खंडातला आहे. फड्या कोठेही रुजतो, म्हणून सगळेच निवडुंग चिवट असतील असा आपला समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. २०१५ साली या कुळातील १,४७८ जातींच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा ३१ जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. त्यामागच्या मोठ्या कारणांत शेती आणि गुरेचराई यांच्याबरोबर एक कारण असे आहे, की ते ऐकून आपल्यासारख्या हौशी माणसांनी मान खाली घालावी. ते म्हणजे संग्रहासाठी होणारी लूट.

एकच उदाहरण घेऊ. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या उत्तर किनाऱ्याला अटाकामाचे वाळवंट आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. समुद्रावरून येणारे धुके हाच तेथील झाडांचा मोठा आधार. त्या धुक्याच्या प्रदेशात कोपियापोआ नावाचे निवडुंग वाढतात. त्यांतील 'सिनेरिया' ही जात राखाडी-पांढऱ्या मेणाचा लेप अंगावर घेऊन दगडांत बसलेली असते. त्यांची वाढ इतकी संथ, की मोठ्या झाडांचे वय दशकांनीच मोजावे लागते. २०२० साली इटलीच्या पोलिसांनी एका संग्राहकाच्या घरातून असे हजाराहून अधिक निवडुंग जप्त केले. त्यांतले आठशेंहून अधिक २०२१ साली चिलीला परत पाठविण्यात आले. काही तत्पूर्वीच मेले होते. पुढे २०२४ साली या कोपियापोआंचा नवा हिशेब जाहीर झाला. २०१३ मध्ये त्यांच्या शेकडा ५५ जाती धोक्यात होत्या. आता तो आकडा ८२ वर गेला आहे.

श्रोतेहो, या लुटीच्या मुळाशी काय आहे? संग्राहकाला नुसते झाड नको असते, त्याला झाडाचे वय हवे असते. उन्हाने भाजलेली कातडी, वाऱ्याने झिजलेले काटे, पांढरा लेप, हे सारे त्याला आजच्या आज हवे असते. परंतु वय ही काही विकत घेण्याची वस्तू नव्हे. विकत घेतलेले वय हे कोणत्या तरी डोंगरउतारावरून उपटून आणलेले असते. ज्याला दुर्मीळ निवडुंग हवा असेल, त्याने स्वतःची वर्षे खर्च करावीत, हाच सरळ मार्ग; आणि त्या मार्गाची सुरुवात बियांपासून होते.

ही शेती करायला वावर लागत नाही, खिडकी पुरते. मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा घ्यावा आणि तळाला भोके पाडावीत. धुतलेली जाडसर वाळू आणि विटांचा बारीक चुरा मिळून तीन भाग, चाळलेले पानांचे कुजके खत एक भाग, असे मिश्रण करावे. त्यावर उकळते पाणी ओतून ते निववावे, म्हणजे बुरशी पुष्कळशी मरते. बी खसखशीसारखे बारीक. ते वर नुसते पसरावे, मातीने झाकू नये, कारण त्याला उजेड हवा असतो. मग झाकण लावून डबा उजेडात, पण उन्हात नव्हे, ठेवावा. दिवसाची उष्णता २५ ते ३० अंश असावी. आजचा हा वैशाखवणवा पेरणीच्या कामाचा नाही. पावसाळा सरतानाचे दिवस किंवा माघ-फाल्गुन बरा.

एकदोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. येथून खरी परीक्षा. ओल जास्त झाली तर शेतकरी ज्याला 'मर' म्हणतो ती लागते आणि एका रात्रीत रोपे आडवी होतात. ओल कमी झाली तर ती सुकतात. पाणी वरून न ओतता डबा ताटलीतल्या पाण्यात ठेवून खालून शोषू द्यावे. झाकण एकदम न काढता काही आठवड्यांत हळूहळू सरकवीत न्यावे. वर्षभराने झाड किती वाढते म्हणाल, तर मुगाच्या दाण्याएवढे, फार तर वाटाण्याएवढे! पुढे फुलाची वाट पाहण्यात दहा वर्षे सहज जातात. शिवाय आपल्या खिडकीत अटाकामाचे ऊन नाही. तेथला पांढरा लेप आपल्या झाडावर कदाचित पुरता चढणारही नाही. न चढो. ते झाड आपल्या घरचे आहे, हे त्यावरून ओळखू येईल.

बी कोठून आणावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. परदेशातून बी मागवायचे तर २००३ च्या आदेशानुसार आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो; पाकिटात लपवून आणलेले बी हीदेखील चोरीच. त्यापेक्षा येथेच वाढलेल्या झाडांचे बी मिळवावे. पुष्कळ निवडुंगांत एका झाडाच्या परागाने त्याच झाडाला बी धरत नाही. जोडीला दुसरे झाड, दुसऱ्या बियाचे, लागते. म्हणजे ही एकट्याची हौस राहूच शकत नाही. शेजाऱ्याकडे एक झाड आणि आपल्याकडे एक, असे असेल तेव्हा एका फुलावरचा पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्यावर न्यावा आणि पिकलेले बी चार घरी वाटावे. घरोघरी असे बी पिकू लागले, तर वाळवंटातून झाड उपटून आणणाऱ्याचे गिऱ्हाईक तेवढे कमी होईल.

आपल्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत ते विचारतील, की दहा वर्षांनी येणारे फूल आम्ही कशाला लावावे? त्यांना माझे उत्तर एवढेच, की आंब्याची कोय पुरणाऱ्या आपल्या आजोबांनी हा हिशेब कधी केला नाही.