आडनाव कुणाचं, आणि कुणी दिलेलं?

(तानसा परिसरातल्या बायकांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)



मघाशी सगळ्यांनी नावं सांगितली. मी मोजत होते. निम्म्याहून जास्त जणींनी नुसतं नाव सांगितलं, आणि 'पूर्ण नाव सांगा' म्हटल्यावर नवऱ्याचं नाव घेताना लाजल्या. आडनाव विचारलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आमी ठाकूरच ना!" मला आज या उत्तरावरच बोलायचं आहे. या एका शब्दापायी माझ्या लेकीचं एक वर्ष जाता जाता राहिलं.

'ठाकूर' हा शब्द आपला एकट्याचा नाही, बरं का. जुन्या संस्कृत-प्राकृतात 'ठक्कुर' असा शब्द आहे. अर्थ मालक, धनी, देव. तिथून तो देशभर पसरला. बंगाल्यात देवालाही ठाकूर म्हणतात, आणि रवींद्रनाथही ठाकूरच. इंग्रजांनी त्याचं 'टागोर' केलं. उत्तरेकडे राजपूत जमीनदार ठाकूर, मिथिलेतले ब्राह्मण ठाकूर, आणि बिहारात न्हावी समाजातही ठाकूर. कर्पूरी ठाकूर मुख्यमंत्री झाले, 2024 साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, ते न्हावी समाजातले. गुजरातेत त्याचं ठाकोर झालं, ठक्कर झालं. आदिवासींत काम केलेले ठक्करबाप्पा या शब्दाच्याच कुळातले. आपल्याकडे पनवेल-उरणला आगरी ठाकूर आहेत, आणि खाली सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी दाखवतात.

आता गंमत बघा. शब्दाचा अर्थ मालक, आणि तानसाच्या जंगलात ज्यांना तो लागला त्यांच्या नावे गुंठाभर जमीन नाही. 1892 साली इथला तलाव बांधून मुंबईला पाणी गेलं, ते आजही जातंय. आपण उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरतो. असे आपण मालक!

आपल्यात ठाकूर हे आडनाव नव्हतंच, ती जमात. घराण्याची नावं वेगळी: पारधी, मेंगाळ, आगिवले, शिद, उघडे. सोयरीक जुळवताना ती लागायची, कारण एका कुळात लग्न करायचं नाही. पाड्यावर कुणी कुणाला आडनावानं हाक मारत नव्हतं. माझ्या आजीला आयुष्यभर कुणी आडनाव विचारलं नसेल. आडनाव लागतं ते दप्तराला. शाळेत गुरुजी विचारणार, पोराच्या बापाला कळत नाही काय सांगायचं, तो म्हणतो "ठाकूर". झालं, पोरगा ठाकूर. धाकट्याच्या वेळी दुसरे गुरुजी, त्यांना कुळाचं नाव कळलं, धाकटा पारधी. एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ, दोन आडनावं. अशी घरं तुमच्याही पाड्यात असतील. हात वर करा पाहू. बघा!

आणि 'पारधी' म्हटलं की नवा घोटाळा, कारण पारधी नावाची वेगळी जमातही आहे.

कायद्याच्या यादीत आपली नोंद एका ओळीत आहे: ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर. पूर्वी ती ठरावीक भागापुरतीच धरत. 1976 च्या दुरुस्तीनं ती अट गेली. पण नावसारखेपणा उरलाच. आडनाव ठाकूर आहे म्हणून माणूस आदिवासी ठरत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर आपल्या जागांवर कुणीही बसेल. पण मग पडताळणीत खऱ्या ठाकरालाच विचारतात, तुमचे देव कोणते, लग्नात काय करता. पोरगी वसतिगृहात शिकलेली, तिला सगळं कुठून येणार? 24 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की अशी रीतिरिवाजांची परीक्षा म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. राज्यघटनेच्या आधीचे जुने कागद जास्त मोलाचे. हा निकाल लक्षात ठेवा, उपयोगी पडतो.

आता माझं सांगते. माझं माहेर मेंगाळ, सासर पारधी. लेक चार वर्षांची असताना नवऱ्यानं दुसरी केली. मी तिला घेऊन आले. लेकीनं बारावी केली, नर्सिंगला जायचं म्हणाली. जातपडताळणी हवी. कागद कुणाचे? बापाच्या बाजूचे. माझ्या माहेरी आजोबांपासूनची नोंद आहे, तिचा उपयोग नाही. जन्म मी दिला, वाढवली मी, आणि जमात सिद्ध करायला ज्यानं दहा वर्षं तोंड दाखवलं नाही त्याच्या दारात जायचं. गेले. तो म्हणाला, कागद नाहीत. कागद होते, पण देणार नव्हता.

सासऱ्यांचा शाळेचा दाखला मीच शाळेतून काढला. त्यावर आडनाव ठाकूर. नवऱ्याच्या दाखल्यावर पारधी. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही ठाकूर का पारधी? आधी ठरवून या." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. खरं सांगते, रडले.

मदत आली ती मुरबाडकडून. माझी आतेसासू, सासऱ्यांची सख्खी बहीण. भावाच्या घराशी तिचं फारसं येणं-जाणं नव्हतं. तिला कुणाकडून तरी कळलं. ती एसटीनं आली आणि म्हणाली, "माजा जनम कोतवालाच्या बुकात असंल." 1946 सालची ती नोंद तहसीलमध्ये सापडली. बापाचं नाव होतं, जातीच्या रकान्यात 'ठाकूर' होतं. तिचं नाव नव्हतं, नुसतं 'मुलगी' लिहिलेलं होतं.

आता प्रश्न असा, की ही मुलगी म्हणजेच ही म्हातारी हे कसं दाखवायचं? तिच्या आधारकार्डावर सासरचं आडनाव शिद, मधे नवऱ्याचं नाव. बापाचं नाव तिच्या एकाही कागदावर नव्हतं. लग्नानं तिचा बाप पुसला गेला होता. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब, सासरच्या गावचा दाखला, असं करत करत साडेसात महिने गेले. ती प्रत्येक तारखेला आली. वय सत्तरीच्या पुढं.

मैत्रिणींनो, लग्नानंतर आडनाव बदलायलाच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. ही रीत आहे, कायदा नव्हे. फ्रान्समध्ये 1794 पासून कायदाच आहे, की जन्मनोंदीतलं नाव तेच खरं. तिथली बाई लग्नानंतर नवऱ्याचं नाव वापरू शकते, पण कायद्यानं तिचं जन्माचंच नाव राहतं. तिथंही मुलांना आईचं आडनाव देता यावं म्हणून 2005 उजाडावं लागलं, म्हणजे फार कौतुक नको. आपल्याकडे रखमाबाईंनी एकोणिसाव्या शतकात नवऱ्याकडे नांदायला नकार दिला आणि पुढं डॉक्टर झाल्या. इतिहासात त्या नुसत्या 'डॉ. रखमाबाई' म्हणून राहिल्या. काही अडलं नाही.

थोडंथोडं बदलतंय. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की आई आदिवासी आणि बाप बिगरआदिवासी असला तरी मूल आईच्या समाजात वाढलं असेल तर ते दाखवायची संधी मिळाली पाहिजे. 2022 च्या एका निकालात मुलाचं आडनाव ठरवायचा आईचा हक्क मान्य झाला. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग बापाचं नाव येतं. पण लग्न झालेल्या बाईचं? तिच्या नावापुढं नवऱ्याचंच, जुन्यासारखं. म्हणजे लेकरापुरती आई आली, बाईपुरता बाप गेला तो गेलाच. हे मला पटत नाही.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. शाळा सोडल्याचा दाखला पेटीत ठेवा, तो सासरच्या माणसाच्या हातात देऊ नका. लग्नाची नोंदणी करा, तिच्यात माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं येतात. नाव बदललंच असेल तर राजपत्राचा कागद जपा. वनहक्काचा दावा करताना, 2006 च्या कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, तिथं तुमचं नाव कसं लिहिलंय ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. आणि तुमच्या म्हाताऱ्या आत्या, मावश्या, नणंदा कुठं दिल्या आहेत, त्यांची आज काय आडनावं आहेत, हे एका वहीत लिहून काढा. आजच लिहा, त्या आहेत तोवर.

लेक नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या दाखल्यावर पारधीच आहे, ते राहू दे म्हणाली. आतेसासू मागच्या पावसाळ्यात गेली. मृत्यूच्या दाखल्यावर बापाचं नाव लिहायचा रकाना होता. तिचा मुलगा तो रिकामा सोडत होता. मी त्याला नाव सांगितलं.