पाण्यातला धातू जातो कुठे?

अंबरनाथ पश्चिमेहून रूळ ओलांडून शिवमंदिराकडे निघालात की वालधुनी भेटते. खरे म्हणजे आधी तिचा वास भेटतो. शिलाहारांच्या काळी, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० साली, जिच्या काठी ते देखणे मंदिर उभे राहिले, तीच ही नदी. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली, २०१५ साली निकालही लागला. पण मला आज बोलायचे आहे ते नाकाला न कळणाऱ्या विषाविषयी.

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम हे जड धातू. सांडपाण्यातली इतर बरीचशी घाण जंतू खाऊन टाकतात. धातूला कोण खाणार? तो मूलद्रव्य, कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. नाल्याच्या गाळात बसतो, त्या पाण्यावर वाढलेल्या पालकात शिरतो आणि शेवटी आपल्या हाडांत नाही तर मूत्रपिंडांत मुक्काम ठोकतो. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. म्हणजे सव्वातीनशे लिटरांच्या पिंपात साखरेच्या एका बारीक कणाएवढे, बस्स!

कारखान्यातला जुना उपाय चुन्याचा. चुना घातला की पुष्कळसा धातू साका होऊन तळाशी बसतो. परंतु उरलासुरला अंश चुन्याला दाद देत नाही. तिथे अधिशोषक पदार्थ लागतात. स्पंज पाणी पोटात घेतो, ते शोषण; अधिशोषकाच्या पृष्ठभागावर धातूचे आयन चिकटून बसतात, ते अधिशोषण. तेव्हा पृष्ठभाग जितका मोठा तितके बरे. चांगल्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर सुमारे हजार चौरस मीटर भरतील. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन!

पण नुसती जागा असून भागत नाही, ओढही हवी. पाऱ्याला गंधकाची ओढ भारी. वैद्य खलात पारा आणि गंधक घोटून काळी कज्जली करतात, ती याच ओढीवर. आजचे रसायनज्ञ सिलिकाच्या सूक्ष्म छिद्रांना आतून गंधकयुक्त अणुगटांचे अस्तर लावतात. पारा आला की तिथेच अडकतो. मुलामा देण्याच्या कारखान्यांतले विषारी षट्संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात ऋणभारित असते, म्हणून त्याला धनभारित पृष्ठभाग दाखवावा लागतो. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान आम्लधर्मी पाण्यात हे काम करते. पाहा, आपण उकिरड्यावर टाकतो ती टरफले! शिवाय धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेले जाळीदार स्फटिक आहेत. त्यांच्यासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धातू टिपण्यासाठीही ते अजमावले जात आहेत, पण किंमत अजून आपल्या लहान कारखानदाराला पेलणारी नाही.

वर्गात मी एक प्रयोग करतो. निळ्या मेथिलीनचे पाणी सक्रियित कोळशातून गाळले की स्वच्छ उतरते. मुले टाळ्या वाजवतात. एकदा एका मुलीने विचारले, "सर, रंग गेला कुठे?" मी काही बोललो नाही. त्याच कोळशावर मद्यार्क ओतला. खाली पुन्हा निळे थेंब पडू लागले. "म्हणजे गेलाच नव्हता की!" ती म्हणाली.

धातूचेही तसेच. भरलेला अधिशोषक आम्लाने धुतला, तर थोड्याशा पाण्यात दाट होऊन आलेला धातू पुन्हा कामी आणता येतो आणि अधिशोषकही काही वेळा परत वापरता येतो. ते जमत नसेल, तर तो घातक कचरा. त्याची जागा तळोज्यासारख्या ठिकाणच्या बंदिस्त खड्ड्यात. यासाठी पैसा पडतो, आणि कुंपणामागे टाकायला काहीच पडत नाही. तेव्हा तुमच्या भागात कोणी नव्या शुद्धीकरण यंत्राचे उद्घाटन करायला आले, तर स्वच्छ पाण्याचा पेला खुशाल बघा. पण वापरून झालेली भुकटी कोणत्या गाडीतून कुठे जाते, त्याची नोंदवहीही मागा. कुंपणामागे टाकलेली भुकटी मृगाच्या सरींबरोबर वालधुनीत परत येते.